म्हाताऱ्या पेक्काचा घाम

राउनो केट्टुनेन राहायचा त्या इमारतीत माणसाची पत पगारावरून, गाडीवरून किंवा बायकोच्या फरच्या टोपीवरून ठरत नसे. ती ठरे तळघरातल्या सौनेत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाफेच्या खोलीत, त्याची पाळी कधी असते यावरून. मंगळवारी दुपारची पाळी असलेला माणूस जिन्यात भिंतीच्या कडेकडेने चाले. शुक्रवारवाला मधोमध चाले. आणि शनिवारी संध्याकाळी सहाची पाळी ज्याच्याकडे, त्याच्यासाठी लोक लिफ्टचं दार धरून उभे राहत.

ही शनिवारची सहाची पाळी केट्टुनेनांकडे होती. खरं म्हणजे त्याच्या बायकोकडे, आयरीकडे होती. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्या वाट्याला बुधवारची सकाळ आली होती. तिथून एकेक पायरी चढत ती शनिवारी पोचली होती. आधी ही पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सोरमुनेन म्हातारीची होती, आणि आयरीने वर्षानुवर्षं त्या म्हातारीच्या प्रकृतीची इतक्या मायेने चौकशी केली होती, की शेवटी मुलीकडे राहायला निघताना म्हातारी तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "घे बाई आता तुझं सहा. मी जिवंतपणीच सुटले."

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे जे झालं ते बंदुकीमुळे झालं असं राउनो आजही लोकांना सांगतो. ते काही खरं नाही. ते सगळं सहाच्या पाळीवरून झालं.

बंदूक आली ती आल्पोमुळे. आल्पो म्हणजे आयरीचा भाऊ. मिक्केली गावातल्या राखीव सैनिकांच्या नेमबाजी मंडळाचा तो सचिव होता आणि ते पद तो घरातही उतरवत नसे. दर मे महिन्यात मंडळाची जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा भरे. त्या वर्षी आयरीच्या वाढदिवसाच्या कॉफीला आल्पो केकचा तुकडा उचलत म्हणाला, "राउनोला कशाला विचारायचं? त्याच्या हाताला कागदाहून जड काही पेलत नाही."

राउनो विमा कंपनीत नुकसान-तपासनीस होता. थंडीत नळ फुटून लोकांच्या बैठकीच्या खोलीत पाणी भरलं, कुणी इस्त्री चालू ठेवून गावाला गेलं, की राउनो जाऊन बघे आणि अहवालाच्या तळाशी लिही : "हे टाळता आलं असतं." असा माणूस चिडला की ओरडत नाही, अर्ज करतो. सोमवारी तो पोलीस ठाण्यात परवान्याच्या खिडकीपुढे उभा होता.

"कशासाठी हवी?" खिडकीतल्या तरुण पोलिसाने विचारलं.

"परंपरेसाठी."

"परंपरेला रकाना नाही. शिकार, नेमबाजी किंवा संग्रह."

"मग नेमबाजी."

"तुम्ही नेमबाज आहात असा मंडळाच्या सचिवाचा दाखला लागेल."

म्हणजे आल्पोचा. आल्पोने तो दाखला द्यायला अख्खा हिवाळा घेतला. मध्ये दोनदा त्याने "अजून विचार चाललाय" असं आईच्या फोनवरून कळवलं. वसंतात एकदाची सही झाली आणि बंदूक घरी आली.

ती जुनी एम एकोणचाळीस होती. सगळा देश तिला म्हातारा पेक्का म्हणतो. महायुद्धातल्या लढाईनंतर लष्कराच्या गोदामात कुणीतरी तिला ग्रीसमध्ये बुडवून कागदात गुंडाळली होती आणि मग सगळेच तिला विसरले होते. राउनोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद उलगडला तेव्हा आतून तपकिरी, चिकट, लांबलचक असं काहीतरी निघालं. खारवलेल्या हेरिंग माशांच्या पिंपात पडलेलं वल्हं असावं तसं ते दिसत होतं.

आयरीने लांबूनच बघितलं. "हे धुवायचंय की तळायचंय?"

"जपून ठेवलेली आहे ती."

"कुणापासून?"

राउनोने तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि कामाला लागला. आयरीचा हेअर ड्रायर गेला. विणायच्या सुया गेल्या, फ्लॅनेलचा एक परकर गेला. ग्रीस मात्र कुठे गेलं नाही, फक्त जागा बदलत राहिलं. टेबलावरून ते दाराच्या मुठीवर गेलं, मुठीवरून टेलिफोनवर, आणि टेलिफोनवरून आयरीच्या कानावर.

पहिल्या सरावाला राउनो नवी टोपी घालून गेला. पहिली गोळी सुटली, दुसरी सुटली. तिसरीनंतर बोल्टचा दांडा वर उचलून मागे ओढायचा, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडते. राउनोने उचलला. दांडा हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मग बंदूक गुडघ्यात धरून ओढला, तेव्हा राउनो हलला.

रांगेत शेजारी पालथं पडून नेम धरलेल्या माणसांनी एकेक करून तो सोडला आणि हनुवटी हातावर टेकवून ते बघू लागले. आल्पो शेकोटीच्या ढिगातून बर्चचं लाकूड घेऊन आला. त्याने बंदुकीचं तोंड गोळ्या अडवायच्या मातीच्या बांधाकडे धरायला लावलं आणि दांड्यावर एक घाव घातला. पुंगळी उडाली. "घे, हे लाकूड तुझ्यापाशीच ठेव," आल्पो प्रेमाने म्हणाला. त्या दिवशी राउनोने दर दोन गोळ्यांनंतर ठोकाठोक केली, आणि कॉफीच्या वेळेपर्यंत सगळं मंडळ त्याला सुतार म्हणायला लागलं होतं.

दोष काय तो लवकरच कळला. लोखंड कितीही पुसलं तरी जुन्या लाकडी दस्त्यात ग्रीस मुरलेलं होतं. दोन गोळ्यांनी बंदूक तापली की लाकूड पाझरे, ते चिकट पाणी पुन्हा लोखंडात उतरे आणि बोल्ट आत चिकटून बसे. तेव्हा ग्रीस काढायचं तर लाकडातून काढायला हवं होतं. कसं काढायचं, ते सांगायला इमारत तयारच होती.

"रॉकेल," पहिल्या मजल्यावरचे उस्को आजोबा म्हणाले. ते रेल्वेत गार्ड होते. गुडघा, सर्दी, भिंतीतले किडे, जावई, सगळ्यावर त्यांचा रॉकेलचाच सल्ला असे.

"त्याने लाकूड पेट घेईल ना, आजोबा."

"पेट घेतलं तर ग्रीसही जळेल. मग राहिलं काय?"

चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअर पुलक्किनेनने लाकडाची घनता विचारली, डोळे मिटून गणित केलं आणि उत्तर न सांगता घरात गेला. आयरीची आई फोनवर म्हणाली, की परत करा आणि त्या पैशात एखादं बरं घड्याळ घ्या. उपाय अखेर राउनोला स्वतःलाच सुचला, आणि सुचला तोही शनिवारी सहाच्या पाळीत, वरच्या फळीवर बसून स्वतःच्या कोपरावरून घाम ठिबकताना बघत असताना.

"आयरी, माणसाच्या अंगात मुरलेलं सगळं इथे निघतं."

आयरी खालच्या फळीवर टाच घासत होती. तिने मान वर केली नाही. "नाही," ती म्हणाली.

"मी अजून काही बोललोच नाही."

"तू बोलणार आहेस ते नाही."

पण पुढच्या शनिवारी आयरीला बहिणीच्या नातवाच्या बारशाला सावोनलिन्नाला जायचं होतं. जाताना तिने दारात बूट चढवत बजावलं, "सहाला जा. निघताना बाक पूस, बादली भरून ठेव. सातच्या आत बाहेर ये. सातला ती दारात उभी असते."

ती म्हणजे लिंद्रोसबाई. सोसायटीच्या अध्यक्षा. मनात आणलं असतं तर त्यांना सहाची पाळी केव्हाही घेता आली असती, पण त्यांनी समजूनउमजून सातची घेतली होती. सहावाल्यांच्या वेळेत दगड छान तापतात, भिंती ऊब धरतात, आणि सातला आयती सौना मिळते. फक्त सहावाले स्वच्छ हवेत. म्हणूनच आयरीच्या सहाला मंजुरी देताना त्यांनी तिच्या कानामागचा मळ बघायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

राउनो कायद्याला धरून वागला, हे सांगायलाच हवं. लोखंड त्याने कपाटात कुलपात ठेवलं. नुसता लाकडी दस्ता मोठ्या टॉवेलात गुंडाळून, स्वतः आंघोळीचा झगा घालून तो लिफ्टने खाली गेला. सौनेत अंगाखाली पंचा घेतल्याशिवाय कुणी बसायचं नाही असा नियम आहे. त्याने वरच्या फळीवर पंचा अंथरला आणि त्यावर पेक्काला आडवं केलं. मग शेजारी बसला.

बराच वेळ काही झालं नाही. राउनोने उष्णता वाढवली. पुन्हा काही नाही म्हणून अजून वाढवली. मग दस्त्याच्या मानेपाशी एक तपकिरी थेंब आला. राउनोला इतका आनंद झाला की त्याने पेक्काच्या पाठीवर थाप मारली. "येऊ दे," तो म्हणाला, "लाजू नकोस."

पेक्का लाजला नाही. थेंबांच्या धारा झाल्या, धारा पातळ झाल्या. पंचा भिजला. राउनोने टॉवेल लावला, टॉवेल भिजला, मग त्याने झगा लावला. लढाईच्या काळातलं ते ग्रीस फळ्यांच्या फटीतून खालच्या फळीवर उतरलं आणि पाइनच्या कोरड्या लाकडाने ते तहानलेल्यासारखं पिऊन टाकलं. एक थेंब उडून तापल्या दगडांवर पडला. बोटीच्या इंजिनात कुणी डांबराची खीर करावी तसा वास उठला. वास बसावा म्हणून राउनोने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. नुकसान-तपासनीस म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरी त्याने हे पाहिलं असतं, तर त्या पळीवर वेगळा परिच्छेद लिहिला असता. वाफेने तो वास उचलला आणि छताच्या, भिंतीच्या एकेका फळीत नेऊन बसवला.

दारावर टकटक झाली. "केट्टुनेन, सात."

"आलोच." मग बरबटलेला झगा पुन्हा अंगात चढवत हलक्या आवाजात पेक्काला, "बस, एवढंच, झालं, झालं."

दार उघडलं तेव्हा लिंद्रोसबाई पांढऱ्याशुभ्र तागाच्या झग्यात, हातात टोपली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी राउनोकडे बघितलं, त्याच्या कुशीतल्या लांबट गाठोड्याकडे बघितलं.

"आयरी नाही?"

"बहिणीकडे गेलीय."

"मग आत कोणाशी बोलत होतात?"

खरं सांगावं की काय, असं राउनोला क्षणभर वाटलं. पण बायको गावाला गेलेली असताना आपण सौनेत उघड्या अंगाने एका म्हाताऱ्या बंदुकीची समजूत काढत होतो, हे वाक्य त्याला कुठूनही सुरू करता येईना. "कोणाशी नाही," तो म्हणाला आणि जिन्याने निघाला. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर त्याच्यात उरला नव्हता.

लिंद्रोसबाई आत गेल्या. सौनेत अंधार असतो आणि त्यांचा चष्मा टोपलीत होता. त्या बसल्या. मावशीने मागावर विणून दिलेला त्यांचा तागाचा पंचा उठताना त्यांच्याबरोबर उठला नाही. ओढून काढला तेव्हा त्यावर फळ्यांचे तपकिरी पट्टे होते. त्यांच्यावरही होते.

दुसऱ्या दिवशी आयरी बॅग घेऊन जिना चढत होती तेव्हा उस्को आजोबा दारातच उभे होते. "तुझा नवरा बंदुकीला घेऊन सौनेत गेला होता. परवा समितीची बैठक आहे. मी त्याला रॉकेल म्हणालो होतो."

आयरी घरात आली. एक बूट काढला, दुसरा हातातच राहिला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"सहाला," राउनो म्हणाला.

"माझ्या सहाला."

एरवी ती 'आपल्या' म्हणायची. राउनोने त्या रात्री भांडी घासली, नंतर घासलेली भांडी पुन्हा घासली. तिने ओरडावं असं त्याला फार वाटत होतं.

बैठक कपडे धुवायच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत झाली. कॉफी होती, वेलदोड्याचा गोड पाव होता, आणि तो आरोपीलाही मिळाला. समितीत लिंद्रोसबाई, इंजिनिअर पुलक्किनेन, आणि कॉफीसाठी सभासद झालेले उस्को आजोबा. विषय एकच : शनिवारची सहाची पाळी केट्टुनेनांकडून काढून घ्यावी का.

"नियमात बंदुकीला मनाई नाही," राउनोने सुरुवात केली. "कुत्र्याला आहे, कपडे वाळवायला आहे."

"पाळीवाल्याखेरीज दुसरं कुणी असेल तर तो पाहुणा," पुलक्किनेन म्हणाला.

"पाहुण्याला परवानगी आहे. पाळीवाला सोबत हवा. मी होतो."

"पाहुण्याने आत जायच्या आधी अंग धुवायचं असतं. ह्याने धुतलं होतं?"

"धुवायलाच तर आणला होता."

पुलक्किनेनने हे लिहून घेतलं, कारण मुद्दा त्याला अवघड वाटला. उस्को आजोबांनी दुसरा पाव घेतला. "निदान त्याने बाक घेऊन वाळू तरी घासावी," ते म्हणाले. सगळ्यांनी मनातल्या मनात त्यांचं वाक्य सरळ करून घेतलं.

"वस्तू आणा," लिंद्रोसबाई म्हणाल्या.

राउनोने दस्ता आणून टेबलावर ठेवला. लिंद्रोसबाईंनी चष्मा लावला. त्यांनी लाकडावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांचा चेहरा आधी अध्यक्षांचा होता, तो हळूहळू दुसऱ्याच कोणा बाईचा झाला.

"हे कढईतलं आहे," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

"लढाईनंतरची गोष्ट. मी शाळेतून नुकती बाहेर पडलेली. उन्हाळाभर गोदामात कामाला होतो आम्ही पोरी. मोठी कढई असायची. बंदूक हुकाला लावायची, बुडवायची, वर घ्यायची, ओघळ थांबला की कागद. पुढची. मुकादम म्हणायचा, नीट लावा पोरींनो, हे पुन्हा कोणी पुसणार नाहीये." त्यांनी पुन्हा वास घेतला. "माझ्या वेणीला हा वास नाताळपर्यंत होता. एक मुलगा मला नाचायला घेऊन गेला. दोन गाणी कशीबशी काढली त्याने. मग म्हणाला, दात दुखतोय."

"म्हणजे हे ग्रीस तुम्ही लावलेलं?" पुलक्किनेनने पेन उचललं.

"मी किंवा केर्तूने. पण केर्तू कामचुकार होती." लिंद्रोसबाईंनी दस्त्याकडे, आणि मग कदाचित मनातल्या मनात स्वतःच्या पंच्याकडे बघितलं. "इतकं निघालं म्हणजे माझंच."

राउनोला वाटलं आपण सुटलो. त्याने पावाला हात घातला.

"पण बाक तो बाक," त्या म्हणाल्या, आणि चेहरा पुन्हा अध्यक्षांचा झाला. "सहाची पाळी घाण करणाऱ्याकडे राहू शकत नाही. केट्टुनेनांना गुरुवारी दुपारी तीन."

गुरुवारी तीन म्हणजे जिथून कुणी परत आलं नाही अशी पाळी. राउनोने पाव खाली ठेवला. इतका वेळ कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसलेल्या आयरीने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पाळी कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या," पुलक्किनेन म्हणाला.

"शनिवारी सहाला मी कुठे होते?"

"सावोनलिन्नाला, बारशाला," उस्को आजोबा म्हणाले. त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असे.

"मी आजवर बाक पुसल्याशिवाय निघालेय का कधी?"

लिंद्रोसबाईंनी नाही अशी मान हलवली. त्या प्रश्नात त्यांचाही स्वार्थ होता. आयरीएवढं स्वच्छ कुणी त्यांना सहाला मिळालं नसतं.

"मग माझी पाळी का जाते?"

समितीने विचार केला. विचार करताना राहिलेला पाव संपवला. आणि निकाल असा लागला : आयरी केट्टुनेन, शनिवारी सहा, पूर्वीप्रमाणे. राउनो केट्टुनेन आणि त्याची बंदूक, गुरुवारी तीन, लाकूड कोरडं होईपर्यंत. बाकाच्या फळ्या राउनोने रंधा मारून द्याव्यात. लाकूड कोरडं झालं की नाही हे अध्यक्ष वासावरून ठरवतील.

"आयरी," जिना चढताना राउनो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

त्याने फळ्यांना रंधा मारला. गुरुवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकून तो तीनला खाली जाऊ लागला. लिंद्रोसबाईंनी कृती सांगितली होती : अंगाखाली पंचा नाही, जाड वर्तमानपत्र, मंद आच, पाणी अजिबात नाही. घाई केली की ग्रीस आत पळतं. गुरुवारी तीनला सौना बर्फासारखी असे आणि तापेपर्यंत पाळी सरत येई. राउनो आणि पेक्का वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी बसत. पाठ चोळायला कुणी नसे. पाठीवर मधोमध एक जागा असते तिथे कुणाचाच हात पोचत नाही, हे राउनोला संसाराच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

शनिवारी आयरी एकटी जाई आणि उशिरा येई. तिची पाळी संपली की लिंद्रोसबाई तिला थांब म्हणत, असं काहीतरी सुरू झालं होतं. न्हाणीघराच्या पाइपातून त्या दोघींचं हसणं वर ऐकू येई. राउनो टबात शॉवरखाली उभा राहून ते ऐके. मग आयरी लालबुंद होऊन येई, सौनेत अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या जुडीतलं एखादं पान खांद्याला चिकटलेलं, आणि केर्तू कशी कढईमागे झोपायची ते सांगे. राउनोला केर्तूचा राग येऊ लागला.

मेमध्ये स्पर्धा झाली. बोल्ट एकदाही अडला नाही, दोन बोटांनी मागे येत होता. मधल्या वर्तुळात एकही गोळी लागली नाही, पण त्यात पेक्काचा दोष नव्हता. आल्पोने बर्चचं लाकूड बरोबर आणलं होतं, ते त्याला दिवसभर हातात धरून फिरावं लागलं.

राउनो दस्ता घेऊन लिंद्रोसबाईंच्या दारात गेला. त्यांनी वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ घेतला.

"अजून आहे," त्या म्हणाल्या.

राउनोला तर काहीच वास येत नव्हता. पण अपिलाची सोय निकालात ठेवलेली नव्हती.

त्यानंतरच्या गुरुवारी तो वरच्या फळीवर पेक्काला टेकवून, अंग आखडून बसला होता. दगड नुकते कोमट होऊ लागले होते. दार उघडलं आणि आयरी आत आली. हातात बादली, काखेत वर्तमानपत्र.

"दुकान?" राउनोने विचारलं. ती कापडाच्या दुकानात कामाला होती.

"अर्धी रजा."

"आणि शनिवार?"

"शनिवार सोडलेला नाही मी. तेवढं प्रेम नाही." तिने वर्तमानपत्र उलगडलं. "पण ती फार बोलते रे. आणि तिला पाठ चोळता येत नाही. घासते नुसती, कढई घासल्यासारखी."

राउनो सरकला. जागा होईना. वरची फळी दोघांपुरती असते.

"ह्याला खाली बसव," आयरी म्हणाली.

"मंद आच वरच लागते त्याला. लिंद्रोसबाईंनी—"

"राउनो."

राउनोने पेक्काला उचललं, खालच्या फळीवर कागद घालून आडवं केलं. आयरी वर चढली, त्याच्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावरून त्याच्या हातात ब्रश दिला. मग तिने पळी भरली आणि दगडांवर पाणी टाकलं, जे टाकायचं नव्हतं.